पावसाचा भाग पळवू नये

अझैबा, मस्कत
शुक्रवार, जेवणं झाल्यावर

प्रिय जोआनबाय,

सप्रेम नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही इथे बरे आहोत. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा बरा आहे असं तुम्ही म्हणाल, पण ते मी धरत नाही.) तुमच्या डॅरेलची सर्दी गेली असेल, विहिरीचा पंप चालू झाला असेल आणि फादर रिट्रीटहून परतले असतील अशी आशा करते. रायन ठीक आहे. हॉटेलात त्याला एका मजल्याचा सुपरवायझर केलाय, तेव्हापासून घरी आल्यावर माझ्या पलंगाची चादर किती ताणलेली आहे ते बघतो.

तुम्हाला वाटेल, फोन असताना ही बाई पत्र का लिहिते. कारण सांगते. फोनवर तुम्ही "एलिझा" म्हणता आणि तुमचा गळा भरतो, मग माझा भरतो, मग दोघी नाक पुसतो, आणि "बरं, ठेवते हं" म्हणून तुम्ही ठेवता. वर्ष झालं, आपल्या दोघींत एवढंच बोलणं झालंय. कागदावर तसं होत नाही. इथे मी रडले तर तुम्हाला दिसत नाही, आणि तुम्ही रडलात तर माझं वाक्य अडत नाही.

लिहायचा सराव नाही हे तुम्हाला माहीत आहे. शाळा चौथीला सुटली. पुढचं शिक्षण तुम्हीच दिलंत, हे तुम्हाला माहीत नसेल. सुके बोंबील ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवता, ती सगळी मी वाचते. आधी नुसते मथळे, मग बातम्या, मग रविवारच्या गोष्टी. पास्कल म्हणायचा, आमच्या घरात आधी बोंबील वाचतात, मग भाजतात. एका गोष्टीत बाई कोर्टाच्या पायरीवर उभी आहे आणि पुढचं पान नाही. पुढचं पान बहुतेक तुमच्या डब्यातल्या बोंबलांना गुंडाळलेलं असेल. सापडलं तर ठेवा.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा तुम्हाला आवडणारा नाही, म्हणून आधी गुडघ्याचं विचारून घेतलं.

तुमच्या भावाला, माझ्या पास्कलला, गाड्यांच्या शर्यतीचं वेड होतं, आणि तुम्हाला त्या वेडाचा राग होता. वसईच्या घरी एकदा त्याने शर्यत लावली होती आणि तुम्ही रोझरीची वेळ झाली म्हणून टीव्ही बंद केलात, तेव्हा त्याने सगळी रोझरी काळ्या पडद्याकडे बघत म्हटली. त्याआधी पाच मिनिटं तुम्हीही बघितलं होतं. अमेरिकेतल्या साध्या दिसणाऱ्या गाड्या, एका गोल रस्त्यावर, सगळ्या डावीकडे वळत, तास न् तास. तुम्ही विचारलंत, "पण यांना पोचायचं कुठे असतं?" तो प्रश्न पास्कलने मस्कतला येऊन सगळ्यांना सांगितला. वादी अदाईच्या त्याच्या गॅरेजात अजूनही एखाद्या गाडीचं काम लांबलं की म्हणतात, जोआनबायला विचारा, पोचायचं कुठे आहे.

हे वेड लागलं कसं तर, एक अमेरिकन इंजिनिअर देश सोडून जाताना पास्कलला जुन्या शर्यतींच्या कॅसेटी देऊन गेला. मेकॅनिक माणसाला दुसरं काय लागतं. आधी त्याने एक नारिंगी गाडी आपली म्हणून धरली (आमच्या जुन्या टीव्हीवर तेवढा एकच रंग नीट दिसायचा), आणि मग हळूहळू तीन माणसं बिघडवली. तुम्ही त्यांना दफनाच्या वेळी पाहिलंत, पण तेव्हा कोण कोण ते बघण्याची शुद्ध आपल्याला नव्हती. रमण चिपळूणकडचा, एसीची कामं करतो, वादी अदाईत बायको ज्ञानदासोबत राहतो. उत्तम साताऱ्याचा, क्रेन चालवतो, फार बोलत नाही. आणि ओवेस आमचा शेजारी, इथलाच बलुची माणूस, पिकअपवाला. हिंदी उत्तम बोलतो आणि मराठीत त्याला फक्त "डावीकडे" हा शब्द येतो, तो कुठून आला ते तुम्हाला कळलं असेलच.

शर्यत तिथे रविवारी दुपारी असते, म्हणजे इथे लोक झोपायच्या वेळी. इथे रविवार कामाचा दिवस, सोमवारही कामाचा. म्हणून यांनी रीत पाडली. रमणच्या डिशच्या बॉक्सवर शर्यत रेकॉर्ड करायची आणि सोमवारी संध्याकाळी तो बॉक्स आणून आमच्याकडे जमून बघायची. तोवर निकाल कुणी ऐकायचा नाही, वाचायचा नाही, कुणाच्या तोंडावरून ओळखायचा नाही. सोमवारभर हे चौघं फोन बंद करून फिरायचे. एकदा गॅरेजच्या मालकाने, इथल्या भाषेत अर्बाबने, "अर्बाब मी, आणि फोन बंद तुझा?" म्हणून पास्कलला झापलं. पास्कल म्हणाला, साहेब, पगार कापा पण कोण जिंकलं ते सांगू नका. मालकाला कोण जिंकलं काय, कोण धावलं तेही माहीत नव्हतं.

आणि मग पाऊस. जोआनबाय, ताशी पावणेदोनशे मैल जाणारे हे वीर, रिमझिम आली की थांबतात. त्यांची टायरं गुळगुळीत असतात, रस्ता उतरता, म्हणून लगेच घसरतात. लाल झेंडा दाखवतात, गाड्यांवर ताडपत्री घालतात आणि सगळे छत्रीखाली बसतात. मग पाठीवर मोठं इंजिन बांधलेल्या गाड्या गरम हवा सोडत रस्ता वाळवत फिरतात, हळूहळू, जणू कुणी सारवतंय. अर्धा रस्ता वाळला की पुन्हा सर येते. निम्म्याहून जास्त शर्यत झाली असेल तर आहे तिथेच निकाल लावतात, नसेल तर दुसऱ्या दिवशी उरलेली धावतात. तिकडे हजारो माणसं पोरंबाळं, खाऊचे डबे घेऊन भिजत बसलेली असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची कामं असतात, तरी बसतात. मला त्यांची नेहमी कणव यायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एक म्हातारा प्लास्टिकची पिशवी डोक्यावर घालून सँडविच खात रिकाम्या रस्त्याकडे बघत होता, अगदी समाधानाने. पास्कल म्हणाला, "हा खरा. शर्यत कुणीही बघेल."

रेकॉर्डिंग होतं, म्हणजे तो पाऊस आम्हाला बघायची काही सक्ती नव्हती. बटण दाबलं की पळवता येतो. रमण एकदा पळवायला गेला तर पास्कलने रिमोट काढून घेतला. पावसाचा भाग पळवायचा नाही, हा त्याचा कायदा. म्हणायचा, तिकडचे भिजतायत आणि आपण पळवायचं हे बरोबर नाही. हे तो सगळ्यांना सांगायचा. खरं कारण मला माहीत होतं. शर्यत चालू असताना तो बोलायचा नाही. कामावरून दमून यायचा तेव्हा बोलायचा नाही. सुट्टीत तुमच्याकडे आलो की तुम्ही सगळे असायचात. पाऊस लागला की तो वळून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "एलिझा, चहा ठेव, आता वेळ आहे." मग बाकीचे तिघं आपापसात गप्पा मारायचे आणि मी त्याच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसायची. रायनला हॉटेलच्या कोर्सला घालायचं, हे पावसात ठरलं. तुमच्या भिंतीचं काम पावसात ठरलं. माझ्या गाठीचं ऑपरेशन करायचं की नाही हे पावसात ठरलं, आणि मागे त्या सारवणाऱ्या गाड्या फिरत होत्या. या देशात पाऊस पडत नाही, जोआनबाय. आमचा संसार अमेरिकेच्या पावसावर चालला.

गेल्या वर्षीचं तुम्हाला माहीत आहे, पण एवढं माहीत नाही. त्या सोमवारी सगळे जमले. शर्यत निम्म्याला पोचायच्या थोडी आधीच पाऊस लागला आणि उरलेली दुसऱ्या दिवसावर गेली. नारिंगी गाडी पुढे होती. पास्कल खूश होता. पावसात आम्ही बोललो, काय ते लिहीत नाही. उरलेला भाग मंगळवारी संध्याकाळी बघायचा ठरलं. मंगळवारी सकाळी तो गॅरेजच्या दारात बुटाची लेस बांधायला वाकला आणि उठला नाही.

लोक म्हणाले, अर्ध्यावर गेला. तो अठ्ठावन्नाचा होता. मी त्या खेळाच्या नियमाने बघितलं तर निम्म्याच्या बरंच पुढे होतं, निकाल धरतात. हे मी कुणाला बोलले नाही, तुम्हालाच लिहिते.

दफनानंतर तुम्ही मला सांगितलंत, वर्षभर काळं घाल आणि टीव्ही लावू नको. मी दोन्ही पाळलं. टीव्हीवर पांढरं टेबलक्लॉथ घातलं, वर आल्तारावरची जुनी फुलदाणी ठेवली. पण या तिघांनी काय केलं ते ऐका. रमणने ती शर्यत, दोन्ही दिवसांची, बॉक्समध्ये तशीच ठेवली. म्हणाला, काकू वर्ष झाल्यावर बघणार, तोवर हात लावायचा नाही. चुकून पुसली जाईल म्हणून त्याने त्या बॉक्सवर वर्षभर दुसरं काही रेकॉर्ड केलं नाही. ज्ञानदाची एक मालिका वर्षभर बुडाली. ती बिचारी मला भेटली की विचारते, "काकू, त्या सुनेचं पुढे काय झालं कळलं का हो?" आणि वर्षभर या तिघांपैकी एकानेही माझ्यासमोर निकालाचा शब्द काढला नाही. ओवेस तर नारिंगी रंगाचं नावच घेत नाही. संत्र्यांना "वो गोल वाला फल" म्हणतो.

फेब्रुवारीत वर्ष भरलं. चर्चमधली वर्षाची मिस्सा तुम्ही फादरांच्या रिट्रीटमुळे पुढे ढकललीत (ढकलण्यात तुम्हीही काही कमी नाही, हे प्रेमाने लिहिते). इकडे यांनी ठरवलं की शुक्रवारी सगळ्यांनी जमून शेवट बघायचा. मी मैद्याचे फुगे तळले, कोंबडी केली, टेबलक्लॉथ काढून धुवायला टाकलं. आणि दुपारी मस्कतात पाऊस आला.

इथे पाऊस आला की शहाणी माणसं घरात बसत नाहीत, गाड्या काढून पाणी बघायला जातात. वादी म्हणजे कोरडी नदी, तर वादी अदाईत डोंगरावरून पाणी आलं आणि रस्त्यावरून वाहायला लागलं. पोलिसांनी रस्ता अडवला. रमण पलीकडे. बगलेत बॉक्स, बॉक्सला ज्ञानदाची पलंगावरची चादर, वर कचऱ्याच्या दोन पिशव्या. त्याने फोन केला की काकू, गुडघाभरच आहे, डोक्यावर घेऊन येतो. पोलीस ओरडला ते मला इथे ऐकू आलं, आणि ज्ञानदा ओरडली ते फोनशिवायही आलं असतं. तिने त्याला शर्टाच्या कॉलरला धरून मागे ओढलं. म्हणाली, एक बॉक्स गेला तर चालेल, असं म्हणणारी बायको मी नाही, पण तू आधी मागे हो.

इकडे उत्तम आणि ओवेस माझ्याकडे बसलेले. फुगे गार होत होते. ओवेस दर थोड्या वेळाने गॅलरीत जाऊन आभाळाकडे बघायचा आणि येऊन सांगायचा, "इन्शाल्ला भाभी, अभी रुकेगा." उत्तम म्हणाला, "अमेरिकेत असतो तर वाळवायची गाडी आणली असती." आम्ही तिघंही हसलो. मग पास्कलच्या गोष्टी निघाल्या. त्याने एकदा ओवेसच्या पिकअपला नारिंगी रंग द्यायचा घाट घातला होता, आणि ओवेसच्या आईने काठी घेऊन दोघांना बाहेर काढलं होतं, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. पाणी काही उतरलं नाही. फुगे सगळे संपले.

पुढच्या शुक्रवारी लखलखीत ऊन. रमण बॉक्स घेऊन आला. तर उत्तम म्हणाला, टीव्हीची वायर सापडत नाही. चौघांनी घर शोधलं. वायर उत्तमच्या पँटच्या खिशात होती, टोक बाहेर लोंबत होतं. मी म्हटलं, उत्तमभाऊ, बाजारात शोधता का? तो म्हणाला, आज बाजार बंद असेल, आणि चहा पिऊन निघून गेला. त्यापुढच्या शुक्रवारी ओवेसने कळवलं की चुलतभावाचं लग्न आहे, लांब सूर गावाला जावं लागतंय, त्याच्याशिवाय लावू नका. त्याच दिवशी मी रायनबरोबर अल मवालेहच्या भाजीबाजारात गेले तर हा कांद्याच्या गोण्यांपाशी उकिडवा बसून कांदे निवडतोय. मला बघून गोणीमागे सरकला. साडेसहा फुटांचा माणूस, कांद्याची गोणी ती केवढी. मी म्हटलं, "ओवेसभाई, शादी मुबारक." तो म्हणाला, "भाभी, शादी में प्याज कम पड़ गया."

रायन म्हणतो, "मम्मी, सिंपल आहे ना, फोनवर बघ, टू मिनिट्स." त्याला मराठी जेमतेम येतं, पण मी त्याच्याकडे बघितलं ते त्याला कळलं.

तर असं आहे. मिस्सेला आम्ही वेळेवर पोचतो, काळजी नसावी. रायन, उत्तम आणि ओवेस माझ्याबरोबर येतायत. रमणची सुट्टी उद्यापासूनच आहे, तो आधी येतो, त्याच्या हाती हे पत्र देते. तुमच्यासाठी खजूर आणि गुडघ्याला लावायचं तेल पाठवलंय. तेलाला वास आहे, पण गुण आहे. गेलं वर्ष कसं गेलं असं विचाराल तर, सकाळी उठल्यावर दोन कप काढायची सवय गेली नाही, दुसरा परत ठेवते. बाकी सगळं चालू आहे.

डॅरेलला आशीर्वाद.

तुमची,
एलिझाबेथ

ता.क. १. आता तुमच्या समोर जो माणूस बसलाय तो रमण. त्याच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं बाळ नाही, तो बॉक्स आहे. विमानात त्याने तो असाच आणला असेल. त्याला डिश लागत नाही, नुसता टीव्ही लागतो. विनंती अशी की रविवारी मिस्सा झाली, जेवणं झाली, संध्याकाळची रोझरी झाली (रोझरी आधी, कबूल), की तुमच्या पुढच्या खोलीत ती शर्यत लावू द्यावी. मिस्सेच्या घरात गाड्यांचा घरघराट शोभत नाही हे मला कळतं. पास्कल त्याच खोलीत जन्मला, हेही कळतं. यांना पोचायचं कुठे असतं, असं तुम्ही विचारलं होतंत. या खेपेपुरतं उत्तर आहे. तुमच्याकडे.

ता.क. २. ओवेस डुकराचं खात नाही, तेव्हा सॉर्पोटेलचं भांडं लांब. उत्तम सोमवार सोडून सगळं खातो. दोघं खाली बसतील, खुर्च्या मागू नका.

ता.क. ३. डॅरेल घरात असेल तर त्याला आत्ताच काहीतरी आणायला दुकानात पाठवा, मग पुढचं वाचा. आणि वाचताना तोंड सरळ ठेवा, रमण बघत असेल.

निकाल मला माहीत आहे. गेल्या वर्षी एअरपोर्टवरून पास्कलची शवपेटी घेऊन येताना डॅरेलने गाडीत सांगितला. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलायचं होतं पोराला, त्याला दुसरं सुचलं नाही. पुन्हा सुरू झाल्याबरोबर नारिंगी गाडीच्या इंजिनातून धूर आला आणि ती बाजूला उभी राहिली. पुढे कोण जिंकलं ते मी ऐकलंच नाही. या तिघांनाही ते कुठूनतरी कळलंय, आणि वर्षभर तेच माझ्यापासून लपवून आहेत. आपल्या मेकॅनिकची गाडी, आणि इंजिनाने दगा दिला, हे भाभीला दाखवायचं कसं, म्हणून वायर खिशात जाते आणि चुलतभावाची लग्नं लागतात. त्या पावसाच्या दिवशी तेवढा पाऊस खरा होता. इथे त्यांच्याने बॉक्स लागणार नाही हे मी ओळखलं आणि वसईचं नाव काढलं, कारण तुमच्यासमोर वायर खिशात घालायची कुणाची छाती नाही.

तेव्हा डॅरेलला दम द्या, त्यांच्यासमोर एक अक्षर नाही. धूर निघाला की मी "अरे देवा" म्हणणार आहे. तुम्हीही म्हणा. मग मी त्यांना सांगेन की काही हरकत नाही, आणि ते तिघं सुटतील.

ता.क. ४. एवढ्यासाठीच खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं होतं, बाकीचं मध्ये आलं. शर्यत सुरुवातीपासून लावायची आहे. पहिल्या दिवशीचा पाऊस मोठा आहे, तो कुणी पळवू नये. तेव्हा मी चहा ठेवीन. पास्कलच्या जागी खुर्चीत तुम्ही बसा, मी शेजारी स्टूल घेते. तेव्हा वेळ असेल, जोआनबाय. त्या सोमवारी तो माझ्याशी तुमच्याबद्दलच बोलला होता, ते तुम्हाला सांगायचं राहिलंय.